मदत हवी आहे: योगवर्गात "कमरेतून वाका" ऐवजी काय म्हणावं?

नमस्कार. मी चिपळूणला गेली सहा वर्षं सकाळी साडेसहाचा योगवर्ग घेते. बारा बायका, दोन पुरुष, वयं ४८ ते ७१. शिक्षक-अभ्यासक्रम रीतसर केलाय, तरी अडलेय.

दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, एका काकांच्या पाठीवर मी हातानं दाब दिला. कपाळ गुडघ्याला लागायला चार बोटं राहिली होती, मला राहवलं नाही. बैठकीच्या हाडापाशी, जिथे मांडीच्या मागचा स्नायू सुरू होतो तिथेच, त्यांना कळ आली आणि पुढे चार महिने त्यांना खुर्चीत धड बसता येईना. काका बिचारे एका शब्दानं बोलले नाहीत, पण तेव्हापासून मी कुणालाही दाबत नाही. आसन कसं दिसतं त्यापेक्षा ते करताना कुठे काय जाणवतं, हे ज्याचं त्याला कळावं अशा बेतानं शिकवायचा प्रयत्न करतेय.

पहिल्या दिवशी ताडासनात डोळे मिटायला सांगून विचारलं, "वजन पायाच्या कुठल्या भागावर आहे?" उत्तर आलं, "दोन्ही पायांवर!" म्हणजे सुरुवात इथून.

खरी अडचण भाषेची आहे. "कमरेतून वाका" म्हटलं की सगळे पाठीची कमान करून वाकतात. चूक त्यांची नाही. आपल्याकडे कंबर म्हणजे जिथे साडी खोचतो ती जागा, आणि दुखते तीही कंबरच. तिथून वाकलं की सगळा भार मणक्यांवर. वर्गातल्या तिघींची हाडं ठिसूळ झाल्याचं तपासणीत आलंय. अशांनी पाठ गोल करून वाकणं म्हणजे मणका दबून मोडण्याची भीती. घडी पडायला हवी ती खाली, मांडी धडाला जोडली जाते तिथे. "जांघेतून वाका" म्हणून पाहिलं. बायका हसल्या, दोन्ही पुरुष खिडकीबाहेर बघायला लागले.

गंमत म्हणजे यातल्या निम्म्या जणींनी उभी हयात भाताची लावणी केलीय. पाठ सपाट ठेवून चिखलात तासन् तास वाकायच्या. चटईवर आल्या की ते वाकणं जातं कुठे?

दुसरी तक्रार एका निवृत्त गुरुजींची. त्यांच्या वडिलांचं शिक्षण औंध संस्थानातलं. तिथल्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, शाळांतून सूर्यनमस्कार घालायला लावले, तेव्हापासून घरात बारा नमस्कारांशिवाय चहा नाही. त्यांचं म्हणणं, "मॅडम, नुसतं उभं राहून तळवे काय चाचपायचे? याला योग म्हणत नाहीत." तिघं जण दुसऱ्या वर्गाला गेलेसुद्धा. उलट एक काकू म्हणतात, "मला शीर्षासन नको गं, न्हाणीतल्या पाटावरनं हात न टेकता उठता आलं तरी पुष्कळ." मी काकूंच्या बाजूची आहे, पण वर्ग गुरुजींसारख्यांमुळेही चालतो.

तर (१) वाकण्यासाठी साधा मराठी शब्द सुचवा, (२) गुरुजींना कसं समजावू?

गुळपोळी: "खुब्यातून वाका" म्हणा की! खुबा कुठे असतो हे साठीच्या पुढे कुणाला सांगावं लागत नाही. प्रत्येकाच्या ओळखीत कुणाचा ना कुणाचा बदललेला असतोच.

दांडेकर_नाही_दांडा: फिजिओथेरपिस्ट आहे. शब्दाआधी झाडूचा दांडा द्या. पाठीमागे उभा धरायचा, डोक्याचा मागचा भाग, खांद्यांच्या मधली पाठ आणि माकडहाड तिन्हीकडे टेकलेला. गुडघे जरा सैल. आता वाका. तिन्हीपैकी एक जरी सुटलं, तर पाठ वाकली किंवा मान. तुम्हाला काही बोलावंच लागत नाही, दांडा सांगतो. बादली उचलताना हेच, पाटावरून उठतानाही सुरुवात इथूनच. आणि मांडी घातल्यावर वर राहिलेले गुडघे कुणालाही दाबू देऊ नका. गुडघा बिजागरीसारखा, त्याला पिळणं फारसं जमत नाही. मांडी फिरते ती खुब्यात, आणि खुब्याची खोबण प्रत्येकाची वेगळी. काहींना पद्मासन जन्मात यायचं नाही, त्यात आळसाचा संबंध नाही. ढुंगणाखाली घडी घातलेली चादर द्या.

आडगावचा: गुरुजी शास्त्र मानत असतील तर शास्त्रच दाखवा. पतंजलींच्या योगसूत्रांतलं स्थिरसुखमासनम्, म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं असावं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढचंच सूत्र प्रयत्नशैथिल्याचं, म्हणजे जोर सैल सोडण्याचं आहे, ते कुणी म्हणत नाही. पण वाद घालू नका. बारा नमस्कार घालू द्या, फक्त त्यातला एक इतका सावकाश की एकेका स्थितीत पाच श्वास. घाम फुटेल, मग ते स्वतःच विचारतील.

गुळपोळी: आधाराला पट्टे-ठोकळे काढले की "हा म्हाताऱ्यांचा योग" म्हणणारेही भेटतील. तेव्हा पुण्याच्या योगगुरू अय्यंगारांचं नाव घ्यायचं, ही साधनं त्यांनीच रूढ केली, तोंडं बंद होतात.

धागाकर्ती: सर्वांचे आभार. आज दांडा नेला होता. लावणीवाल्या चौघींचा पहिल्याच खेपेला तिन्हीकडे टेकलेला राहिला, गुरुजींचा माकडहाडापासून सुटला. ते काही बोलले नाहीत, जाताना दांडा मात्र घरी घेऊन गेले. सावकाश नमस्काराचं सोमवारी बघते. न्हाणीतल्या काकूंसाठी अजून कुणाकडे काही असेल तर सांगा, त्यांचा डावा गुडघा उठताना आत वळतो.