लेट गाडीची भरपाई
गाडी कितीही लेट झाली तरी रेल्वे दमडी देत नाही हे तुमचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे हो. आपण चढतो त्या स्टेशनवर गाडी ३ तासांहून जास्त लेट असेल आणि प्रवासच केला नाही तर पूर्ण रिफंड मिळतो, फक्त ई-तिकीटवाल्यांनी गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत ऑनलाइन टीडीआर, म्हणजे रिफंडचा अर्ज, टाकायचा, इथेच लोक गंडतात, घरी जाऊन निवांत टाकू म्हणतात आणि गाडी कधीच निघून गेलेली असते. बसून गेलात नि उशिरा पोचलात तर मात्र ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशाच केसमध्ये भरपाई कायम ठेवली, गाडी ४ तास लेट, त्यामुळे जम्मूहून श्रीनगरचं विमान चुकलं, आणि उशीर का झाला ते रेल्वेला धड सांगताच आलं नाही. टॅक्सीची, हुकलेल्या बुकिंगची बिलं तेवढी जपून ठेवा.