अनुभव धागा : अभ्यासाबाहेरचा नाद, तुमचा कोणता होता?

तापीकाठ
परवा दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझी रेडिओची वही सापडली. पुठ्ठा वाळवीने खाल्लाय, आतली पानं शाबूत. तारीख, वेळ, मीटर, केंद्र, आवाज असे रकाने पट्टीने आखलेले. मागच्या पानांवर आईचा दुधाचा हिशोब.

भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. अकरावीत शॉर्टवेव्हचा, म्हणजे लांबलांबची रेडिओ केंद्रं ऐकण्याचा नाद लागला. खिडकीपासून अंगणातल्या निंबापर्यंत तांब्याची तार ताणली होती. मालगाडी गेली की नुसती खरखर, ती संपेपर्यंत कान लावून बसायचो. दिवसा १९ मीटर लांबीच्या लहरींवर लागणारी केंद्रं रात्री गायब, आणि ४९ मीटर जागा व्हायचा. असं का, ते वाचनालयातल्या पुस्तकात मिळालं : सूर्य मावळला की लहरी शोषून घेणारा वातावरणातला खालचा थर विरतो, मग लहरी आणखी वरच्या थरावर आदळून हजारो किलोमीटर लांब उतरतात. त्या रात्री मी झोपलोच नाही. आवाज कसा आला ते १ ते ५ आकड्यांत लिहून डॉइचे वेले या जर्मन केंद्राला पाठवलं की पोच म्हणून रंगीत कार्ड यायचं. आमच्या गल्लीत जर्मनीहून टपाल!

बारावीला मार्क कमी पडले आणि रेडिओ वर्षभर कपाटात गेला. वडिलांवर राग नाही, पण ते वर्ष अजून खुपतं. ज्याला परीक्षेत मार्क नव्हते असं तुमच्याकडे काय होतं? लिहा.

सातपुडा_शहादा
पक्षी. दुसरं काही नाही.
रानपिंगळा १८८४ नंतर कुणालाच सापडला नव्हता. गुजरातेतल्या एका खोट्या नोंदीमुळे लोक भलतीकडेच शोधत होते. २५ नोव्हेंबर १९९७ ला पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो आमच्या शहाद्याजवळ दिसला. मी तेव्हा नववीत. ज्या जंगलातून आम्ही सरपण आणायचो तिथे जगाने ११३ वर्षं हरवलेला पक्षी बसलाय, हे कळल्यावर मला त्या झाडांकडे साधं बघताच येईना. पुढे मी तो तीनदा पाहिला. एकदा भर सकाळी दहाला, पानं गळालेल्या सागावर. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. शेपटी डावी-उजवीकडे झटकत होता. बायको म्हणाली चला, उशीर होतोय. नाही हललो.

केळीचं_पान
@तापीकाठ वाचून गलबलून आलं. वही जपा, फोटो काढून ठेवा लगेच.
माझा नाद सावलीचा. मे महिन्यात २५ तारखेच्या आसपास आपल्या जळगाव भागात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. घड्याळाचे बारा नाही हं, साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी. दर वर्षी मुलांना घेऊन गच्चीवर उभा पाइप ठेवते. सावली आखडत आखडत बुडाशी येते आणि नाहीशी होते. गेल्या वर्षी धाकटा स्वतःच्याच पायाखाली वाकून शोधत होता, "मम्मी, माझी कुठे गेली?" भाजीला फोडणी द्यायचीय, नंतर लिहिते.

गिरणेचं_पाणी
चाळीसगावकर आहे, म्हणून छायाचित्रकार केकी मूस यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही (१९१२–१९८९). स्टेशनजवळच्या घरात वर्षानुवर्षं राहून टेबलावर छोटी दुनिया मांडायचे आणि फोटो असा काढायचे की खरंच वाटावं. ते पाहून मी आठवीत काडेपेटीची घरं केली, मीठ पसरून बर्फ केला, कंदिलाचा उजेड एका बाजूने दिला. मामाच्या कॅमेऱ्यातले सगळे ३६ फोटो एकाच घराचे! मामा रागावला नाही. म्हणाला, उजेड अजून खाली घे. अजूनही खालीच घेतो.

आजीची_नात_धुळे
भाऊ, तुमनी वही वाचीसन डोया भरी उनात.
माझी पण वही आहे, शब्दांची. आजी बोलायची ते लिहून ठेवायचे. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, बठ्ठा म्हणजे सगळा. मग लक्षात आलं, आपल्या अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो : डोया, काया, शाया. वर्गात शाया म्हटलं म्हणून बाईंनी उभं केलं होतं. घरी येऊन रडले. आजी म्हणाली, त्या शब्दाला पण लिही. लिहिला. ६४० शब्द झालेत. आजी गेली, आता शेजारच्या काकूंकडे जाऊन बसते.

तापीकाठ
@आजीची_नात_धुळे ताई, ही वही कुणाला तरी दाखवा. धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासूनचं. एकदा जाऊन तर या.

आजीची_नात_धुळे
जाईन भाऊ. खरंच जाईन.

वांगी_भरीत
मी नादबिद काही नाही, वाचतोय फक्त. भुसावळमध्ये जुना व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करणारं कुणी उरलंय का? आजोबांचा आहे, दिवा लागतो पण आवाज नाही.

तापीकाठ
@वांगी_भरीत दिवा लागतो म्हणजे जीव आहे त्यात. मागचं झाकण उघडू नका, आत करंट साठलेला असतो. रविवारी घेऊन या, दोघं बघू.

केळीचं_पान
रविवारी जमणार असाल तर वांगी मी पाठवते, बामणोदची. कळण्याच्या पुऱ्या कोण करणार?