बारावीची टक्केवारी आणि नीट

मुलीला बारावीला ५८ टक्के मिळाले, तर तिने डॉक्टर होण्याचा विचार सोडून द्यावा का, असे देवगडच्या एका पालकांनी विचारले आहे. मुळीच सोडू नये. बारावीचे गुण येथे पात्रतेपुरतेच लागतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५०, तर मागास प्रवर्गांना ४० टक्के पुरतात, आणि गुणवत्ता यादी ‘नीट’ या देशपातळीवरील वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या ७२० गुणांवरच लागते. म्हणून एकूण टक्केवारीपेक्षा आधी गुणपत्रिकेतील हे तीन विषय पाहावेत.

मात्र कच्चा पाया ‘नीट’मध्येही आड येतो, बहुधा भौतिकशास्त्रात. निम्मे गुण, म्हणजे ३६०, जीवशास्त्राचे असतात. आमच्या शेजारच्या मुलीने एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील आकृत्या, त्यांखालच्या बारीक अक्षरांतील ओळींसह, वहीत पुन्हा पुन्हा काढल्या आणि तिची भीती तेथेच मोडली. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, हेही आपल्या मुलीला सांगावे.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि अलिबाग येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, हा मोठा आधार असला तरी तेथील जागांसाठी स्पर्धा राज्यभरातील मुलांशी असते. त्यामुळे केवळ पात्र ठरल्यावर ‘जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला कृपया एक रुपयाही देऊ नये. अधिवास प्रमाणपत्र मात्र आताच काढून ठेवावे.