मदत हवी आहे: नट आवळला, टॉर्क रेंच वाजला, तरी वॉशर सैलच

पत्र्याचं_पाखरू

घरी बांधायच्या दोन आसनी ॲल्युमिनियमच्या विमानात शेपटीतला एलिव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या पट्टीचा) बेलक्रँक, म्हणजे जोराची दिशा बदलणारा फिरता तरफा, बसवायचं काम चालू आहे. तीन ठिकाणी अडलंय.

१. पुशरॉडचं (ढकलदांड्याचं) गोळा असलेलं टोक, म्हणजे रॉड एंड, बेलक्रँकच्या दोन कानांमध्ये, म्हणजे भोक असलेल्या पट्ट्यांमध्ये, बसतं. नकाशात एएन३-१०ए बोल्ट, नटाखाली एक एएन९६०-१० वॉशर आणि एएन३६५-१०३२ए नायलॉनचं कडं असलेला नट दिलाय (एएन हे विमानाच्या सुट्या भागांचे प्रमाण क्रमांक). टॉर्क रेंच (ठरवलेला पिळाचा जोर आला की वाजणारा पाना) २५ इंच-पौंडांवर लावून नट आवळला. रेंच टक्कन वाजला, पण नटाखालचा वॉशर नखाने ढकलला तरी गोल फिरतो. अजून आवळू का?

२. बेलक्रँक ज्या बोल्टवर फिरतो त्याला एएन३१० कॅसल नट (खाचा असलेला) आणि नट फिरू नये म्हणून बोल्टच्या भोकातून घालायची कॉटर पिन आहे. २० इंच-पौंडांवर भोक अर्धंच दिसतं, २५ वर पलीकडे निसटतं. शिवाय नट आवळला की बेलक्रँक जड फिरतो, सैल केला की हलका.

३. पुढच्या बोल्टपाशी सॉकेट जात नाही. क्रोफूट (रेंचच्या टोकाला लावायचा आडवा पाना) लावला तर रेंचवरचा आकडा तसाच धरायचा का?

इंजिन आणि बॅटरी आधीच बसवलेली आहे. मदतीला एक नवखा माणूस असेल. त्याला कशापासून जपायचं तेही सांगा.

आटे_मोजणारा

पहिल्या बोल्टला आता हात लावू नका. अजून आवळलंत तर आटे खाल्ले जातील आणि सांधा तसाच सैल राहील.

नट वॉशरवर टेकलेलाच नाही. बोल्टच्या दांडीचा गुळगुळीत भाग संपून आटे सुरू होतात, तिथे तो जाऊन अडकलाय. रेंचला अडकणं आणि आवळणं यातला फरक कळत नाही, त्याला फक्त जोर कळतो. म्हणून तो वाजला.

खात्री अशी करा. नट काढा, वॉशर जागेवर ठेवा, बोल्ट मुंडक्यापर्यंत दाबून धरा आणि नटाच्या बाजूने आरशात बघा. वॉशरच्या बाहेर गुळगुळीत दांडी डोकावत असेल तर निदान पक्कं. उपाय सोपा: अजून एक वॉशर. साधा एएन९६०-१० हा ०.०६३ इंच जाड असतो, त्याच्यापुढे एल लावलेला पातळ वॉशर ०.०३२ इंच. दांडी जेवढी डोकावतेय ती झाकून थोडं उरेल असा घ्या. एका बोल्टवर तीनपेक्षा जास्त वॉशर लागायला लागले की बोल्टच लांब आहे असं समजा. त्याच्या खालचा आखूड बोल्ट एएन३-७ए. मध्ये ८ आणि ९ शोधू नका, तसे नसतातच: डॅशनंतरचा पहिला आकडा इंच, दुसरा अष्टमांश, म्हणून ७ नंतर थेट १०. आखूड बोल्टची उलट चूक जास्त वाईट. त्यात आटे कानाच्या भोकात येतात आणि भार आट्यांवर पडतो. बोल्ट बदलायचाच झाला तर किट बनवणाऱ्याला विचारून.

आणखी एक गोष्ट बघा. रॉड एंडचा गोळा आणि दोन्ही कान यांच्यात फट आहे का? असेल तर ती दोन्ही बाजूंनी वॉशर घालून भरायची. नट आवळून कान आत ओढून फट मिटवली की कान वाकलेल्या अवस्थेत ताण घेत राहतो आणि चीर तिथूनच सुरू होते. शेवटी नायलॉनच्या बाहेर बोल्टचा निदान एक पूर्ण आटा दिसला पाहिजे.

इंच_पौंड

निदानाशी सहमत. पण तुमचा २५ हा आकडाही पुरा नाही.

एएन३ बोल्टला तक्त्यात २० ते २५ इंच-पौंड दिलेत, ते सांधा आवळण्यासाठी. नायलॉनमधून नट फिरवायलाच जो जोर लागतो तो त्यात धरलेला नाही, तो वेगळा मिळवायचा. नट नायलॉनमध्ये शिरला पण वॉशरला अजून टेकला नाही अशा वेळी नट सावकाश फिरवत रेंचवर आकडा वाचा. टकटक वाजणाऱ्या रेंचने हे जमत नाही, काटा असलेला किंवा वाकणाऱ्या दांड्याचा रेंच लागतो. समजा ६ आले, तर अंतिम आकडा २६ ते ३१. हा जोर २ इंच-पौंडांच्या खाली गेला असेल, किंवा नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत जात असेल, तर तो नट फेका.

आटे कोरडे आणि स्वच्छ हवेत. तेल लागलं की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. जोर नटाच्या बाजूने द्या, मुंडकं नुसतं धरून ठेवा.

रेंचचा पल्लाही तपासा. फूट-पौंडांचा मोठा रेंच इथे निरुपयोगी: २५ इंच-पौंड म्हणजे जेमतेम २.१ फूट-पौंड, किंवा २.८ न्यूटन-मीटर. एकक चुकलं तर बारापट जोर बसतो आणि एवढासा बोल्ट हातात तुटून येतो.

क्रोफूटचं गणित: रेंचच्या मुठीच्या मध्यापासून चौकोनी टोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, समजा १० इंच. तिथून नटाच्या मध्यापर्यंत क्रोफूटने वाढवलेलं अंतर, समजा १.५ इंच. नटावर २८ हवे असतील तर रेंच लावायचा २८ × १० ÷ ११.५, म्हणजे २४.३ वर. क्रोफूट रेंचला काटकोनात लावता आला तर हे काहीच करावं लागत नाही, आकडा तसाच धरा. जागा मिळाली तर मी काटकोनच सुचवीन, गणितात चुकायला वावच राहत नाही.

कानस

दुसऱ्या प्रश्नावर. बेलक्रँक हलका फिरावा म्हणून नट सैल ठेवायचा मोह टाळा.

तिथली रचना अशी असते: बोल्ट आवळला की ब्रॅकेटच्या दोन पट्ट्यांमध्ये बुश (बोल्टवरची बारीक नळकांडी) घट्ट पकडला जातो आणि बेलक्रँक, म्हणजे त्याची मधली नळी, त्या थांबलेल्या बुशवर फिरते. म्हणजे बुश बेलक्रँकच्या नळीपेक्षा केसभर लांब हवा. तुमच्याकडे नळी लांब असावी, त्यामुळे बोल्ट बुशऐवजी बेलक्रँकलाच दाबतोय. दोन्ही कॅलिपरने मोजा. काचेवर एमरी पेपर ठेवून नळीचं टोक सपाट घासा आणि दर थोड्या वेळाने मोजा. नळीच्या आत रंग किंवा पावडर कोटिंग गेलं असेल तर तेही जड फिरण्याचं कारण असू शकतं, आधी ते काढा. नट सैल ठेवलात तर बुशसकट बोल्ट फिरायला लागतो आणि ब्रॅकेटचं भोक अंडाकृती होतं.

कॉटर पिनचं भोक जुळेना तर नट मागे फिरवून जुळवायचं नाही. जाड वॉशर काढून पातळ घाला असं सगळे सांगतात, पण या बोल्टला त्याने फारसं काही होत नाही. इथे इंचाला ३२ आटे, म्हणजे एका फेऱ्याला ०.०३१ इंच. जाड-पातळ वॉशरमधला फरकही तेवढाच, त्यामुळे नट पूर्ण एक फेरा पुढे जाऊन पुन्हा तिथेच येतो. नटाला सहा खाचा असतात, एका खाचेचं अंतर जेमतेम ०.००५ इंच. म्हणून त्याच क्रमांकाचे चार-पाच वॉशर मोजून जरा कमी-जास्त जाडीचा निवडा, किंवा दुसरा नट लावून बघा. नळी घासल्यावर हे सगळं परत करावं लागेल, तेव्हा आधी घासकाम.

बॅटरी_आधी_काढा

नवख्या माणसाबद्दल.

बॅटरीची ऋण केबल सोडा आणि टोक गुंडाळून ठेवा. ट्रिमची (शेपटीतली छोटी समतोल पट्टी हलवणारी) मोटर चालू झाली तर शेपटीत हात असलेल्याला कळायच्या आत बोट सापडतं. एलिव्हेटर आणि स्थिर पंख यांच्यातली फट कात्रीसारखी मिटते, म्हणून कॉकपिटमधली स्टिक बांधून ठेवा. हलवायचीच असेल तर आधी आवाज द्यायचा, उत्तर आल्यावरच हलवायची.

इंजिनाला मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र) असेल तर बॅटरी काढल्याने प्रोपेलर सुरक्षित होत नाही. मॅग्नेटो बंद होतो तो पी-लीड ही त्याची तार ग्राउंडला, म्हणजे इंजिनाच्या धातूला, जोडल्यावर. ती तार तुटलेली असेल तर किल्ली बंद असूनही ठिणगी पडते. त्याला सांगा, प्रोपेलरला टेकायचं नाही आणि तो हाताने फिरवायचा नाही. पुढच्या चाकाच्या विमानात इंजिन कधी उतरवणार असाल तर त्याआधी शेपटीखाली स्टँड लावा, नाहीतर ते शेपटीवर बसतं.

कॉटर पिनचं टोक कापताना चष्मा हवाच, कापलेला तुकडा गोळीसारखा उडतो. पक्कडीवर फडकं धरा. पिवळसर बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा असतो, तो घासायचा नाही, तापवायचा नाही, आणि जेवणाआधी हात धुवायचे. एमईके सॉल्व्हंटसाठी नायट्राइलचे हातमोजे चालत नाहीत, ते लवकर फुगतात; ब्यूटिलचे घ्या. दोन घटकांच्या प्रायमरमध्ये आयसोसायनेट असेल तर कोळशाच्या मास्कवर भागवू नका, बाहेरची हवा पुरवणारा मास्क लागतो.

शेपटीत नेलेले वॉशर मोजून न्या आणि मोजून परत आणा. अरुंद जागी वॉशर पानाच्या टोकाला चिकटपट्टीने धरला तर हातातून निसटत नाही.

पत्र्याचं_पाखरू

नट काढून पाहिला. वॉशरबाहेर साधारण अर्धा मिलिमीटर दांडी दिसतेय. एक पातळ वॉशर पुरेल ना?

आटे_मोजणारा

पातळ वॉशर ०.८ मिलिमीटरचा, तेव्हा ०.३ उरतं. पुरतं, पण टॉर्क दिल्यावर वॉशर नखाने फिरवून बघा. फिरला नाही की नटावरून बोल्टच्या टोकावर आणि तिथून कानावर टॉर्क सीलची (वाळल्यावर ठिसूळ होणाऱ्या खुणेच्या रंगाची) एक रेघ ओढा. नट नंतर कधी फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. जुना नट परत लावणार असाल तर आधी त्याचा जोर मोजा. माझ्या मते आता तो दांडीवर आपटलेला आहे, नवीनच घ्या.