मदत हवी आहे: मंडळीच्या प्रार्थना ग्रुपचे नियम

जय ख्रिस्त! मंडळीच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप ग्रुपसाठी लेखी नियम करतोय. दोन ठिकाणी गाडं अडलंय.

पहिलं, प्रार्थना विनंत्या. ‘अमक्या ताईंच्या गर्भाशयाच्या गाठीसाठी प्रार्थना करा’ असा मेसेज प्रेमानेच टाकला जातो, पण तासाभरात तो सासरच्या ग्रुपवर पोचतो. मेसेज 7 दिवसांनी आपोआप नाहीसे होतील अशी सोय लावता येते, पण तोवर कुणी स्क्रीनशॉट काढला तर तो राहतोच. म्हणून आधी त्या व्यक्तीची परवानगी, आणि आजाराचं नाव न घालता फक्त ‘शस्त्रक्रिया आहे’ एवढंच, असं सुचवलंय. विनंती आधी पाळकांकडे (पास्टरकडे) जावी की थेट ग्रुपवर?

दुसरं, वाद. बायबलमधल्या मत्तय 18:15 प्रमाणे चूक आधी एकांतात दाखवायची. ग्रुपवर सगळ्यांदेखत सुनावलं की माणूस मंडळीतूनच तुटतो. ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ ही सेटिंग लावली तर भांडण थांबतं, पण आजीबाईंचं ‘आमेन’ही बंद होतं. ते मला फार खटकतं.

दुहेरी बाणाचे फॉरवर्ड, म्हणजे पाच किंवा जास्त हात फिरून आलेले, सरसकट बंदच ठेवतोय.

तुमच्या मंडळीत काय चालतं? नियमांचा मसुदा असेल तर कृपया इथे टाका.