ग्रुप आहे, मेसेज टाकतो, पण पालकांना शाळेतलं कळतच नाही. तुम्ही काय करता?

दोनशिक्षकी_गुरुजी
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आमची जि.प.ची लहानशी शाळा, पहिली ते चौथी, 31 लेकरं अन आम्ही दोघं. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात रोज काय शिकवलं, काय झालं सगळं टाकतो, पण कोणी पाहिलं ते उघडून बघितलं तर सात-आठ जण, त्यातला एक आमचाच सहकारी. मार्चमध्ये सकाळची शाळा लागली तेव्हा तीनदा मेसेज टाकला तरी पहिल्या दिवशी नऊ पोट्टे साडेदहाले दप्तर घेऊन हजर अन आम्ही सुट्टीची घंटा द्यायच्या तयारीत. वरून एक आजी म्हणते, "काहून जी गुरुजी, आज लवकरच पळून रायले?"
जूनमध्ये तर दरवर्षीचंच, टीव्हीवर शाळा सुरू झालेल्या दाखवतात, आपली विदर्भाची उन्हापायी उशिरा उघडते, अन अर्धं गाव गेटवर येऊन परत जाते.
सहकारी म्हणतात पालकांना आवडच नाही. मले नाही पटत, बाजाराच्या दिवशी तेच लोक थांबवून पोराबद्दल दहा प्रश्न विचारतात.

कापूसवाली_आई
गुरुजी राग नका मानू. वेचणीच्या दिवसात आम्ही सातले घरून निघतो अन दिवेलागणीले येतो, फोन लेकराच्या बापाच्या खिशात. तुमचा मेसेज येते दुपारी, रात्री पाहाव तं त्याच्यावर फुलं, कापसाचे भाव, कोणाचा वाढदिवस. अन लिहिता कसं, "सर्व पालकांना सूचित करण्यात येते की". एवढं वाचलं की वाटते घरटॅक्सची नोटीस आली.
गृहपाठाचं नाही कळलं तरी चालते मले. पोरानं खिचडी खाल्ली का, कोणाजवळ बसला, बोलला का, हे सांगा ना. माझा लहाना पहिलीत दिवाळीपर्यंत वर्गात तोंडच उघडत नव्हता अन मले कळलं डिसेंबरात, तेही बाई हातपंपावर भेटल्या म्हणून. शाळेतून फोन आला म्हणजे पोरानं काहीतरी केलं असंच डोक्यात बसलं हाय, चांगल्यासाठी कोणी फोन करतच नाही.

मेळघाट_मास्तर
ताई म्हणतात ते खरं आहे. मी धारणी तालुक्यात आहे, आमच्याकडे घरी कोरकू बोलतात, ती मुंडा गटातली भाषा, मराठीशी तिचं दूरचंही नातं नाही, त्यामुळे माझ्या शुद्ध मराठी सूचना म्हणजे भिंतीला सांगितल्यासारखं होतं. आता मी लिहितच नाही. शाळा सुटायच्या आधी चौथीतली एक मुलगी मोबाईलवर अर्धा मिनिट कोरकूत बोलते, आज काय झालं ते, मी फक्त बटण दाबून धरतो. दिवाळीनंतर बरेच आईबाप कामाला बाहेर जातात, लेकरं आजीजवळ, थेट होळीला परततात. तिकडून वीटभट्टीवरून उत्तर येतं की माझ्या पोरीचा आवाज पण टाका. टॉवर नसला की रेकॉर्ड करून ठेवतो अन घाट उतरल्यावर पाठवतो, एक दिवस शिळी झाली बातमी तरी कोणाची तक्रार नाही.

चक्कीवर_बसणारा
मी आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत हाओ. 2009 च्या आरटीई म्हंजे शिक्षण हक्काच्या कायद्यात लिहिलं हाय, समितीत पाऊण हिस्सा पालक अन निम्म्या बाया पाहिजे. कागदावर बरोबर हाय सगळं. पण मीटिंग ठेवतात बुधवारी अकरा वाजता, त्या वक्ती मजुरी सोडून कोण येईन? मंग रजिस्टर घरोघरी फिरते सह्याले. मी भांडून रात्री आठची मीटिंग घेतली एकदा, मंदिराच्या ओट्यावर, चौदा बाया आल्या बाप्पा.
अन तारखा-सुट्ट्यांसाठी मोबाईल सोडा. पिठाच्या चक्कीवर एक फळा टांगा. दळण तं सगळेच आणतात. ज्याले वाचता येत नाही त्याले मी वाचून दाखवतो, तसंही बसूनच रायतो तिथं.

दोनशिक्षकी_गुरुजी
सगळ्यांचे आभार. ग्रुप "फक्त ॲडमिन" करून टाकला, फुलं बंद (दोघं रुसले, असो). फोटो पण आता खिचडीचे अन रांगोळीचेच, रडणाऱ्या लेकराचा फोटो साऱ्या गावाच्या मोबाईलवर नको. ज्यांच्याकडे साधा फोन आहे अशी सहा घरं निघाली, त्यांच्या शेजारच्या लेकराले निरोप्या केलं.
आवाजवाली आयडिया कालच केली, पावणेआठले पाठवली. तिसरीतल्या पोरीले म्हटलं जे वाटलं ते सांग. तिनं सांगितलं, "आज खिचडीत मटकी होती, आमचं सातचं पाढं झालं, अन गुरुजी फळ्याजवळ घसरून पडले." सव्वीस जणांनी ऐकलं रातोरात. सकाळी एसटीतून उतरलो तर पानठेल्यापासून शाळेपर्यंत एकेक जण गुडघा कसा आहे विचारून रायला, अन त्या आजीनं हळदीचा लेप पाठवला.