पुन्हा: पुन्हा: लेटरहेडचं काय ठरलं? (ज्येष्ठ गटाचं पत्र)

प्रेषक: विद्या (ज्येष्ठ गट)

मंडळी,

खासदारांना द्यायच्या पत्राचा मसुदा तयार आहे, सह्याही झाल्यात. अडलंय फक्त ते आपल्या न्यू जर्सीच्या मंडळाच्या लेटरहेडवर द्यायचं का यावर. सुधीरने "मंडळाच्या नावाने राजकारण नको" एवढी एक ओळ टाकली आणि त्यानंतर कार्यकारिणीत कोणी तोंड उघडेना. अमेरिकी काँग्रेसची (इथल्या संसदेची) ऑगस्टची सुट्टी आता लागेल. खासदार मतदारसंघात सापडतात ते त्याच दिवसांत, आणि त्यांच्या इथल्या ऑफिसने आपल्याला वीस मिनिटं दिली आहेत. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवा.

मसुदा न वाचता मत देणाऱ्यांसाठी (दिवाळीच्या हॉलच्या वेळी झालं तसं नको): विषय 'क्रेडिट फॉर केअरिंग' विधेयकाचा. नोकरी सांभाळून घरच्या वडीलधाऱ्यांचं करणाऱ्याला, २,००० डॉलरच्या वर झालेल्या खर्चाच्या ३० टक्के, जास्तीत जास्त ५,००० डॉलर करात सूट. म्हणजे पूर्ण पाच हजार हवे असतील तर वर्षाला साधारण १८,६७० डॉलर खर्च दाखवावा लागेल. देय करापेक्षा जास्त रक्कम हातात मिळणार नाही. मागणी एकच: खासदारांनी सहप्रायोजक म्हणून नाव घालावं.

विद्या

————

प्रेषक: सुधीर (खजिनदार)

विद्याताई, राजकारण म्हणजे उमेदवार. तिथे एक पैसाही चालत नाही, १९५४ पासून नियम आहे. अमुकला मत द्या असं मंडळाने म्हणायचं नाही, आणि निवडणुकीच्या वर्षात गणपतीच्या स्टेजवर एकाच पक्षाचा उमेदवार बोलावून त्याच्या हाती माइक द्यायचा नाही. विधेयकावर मत मांडणं हा निराळा मामला, तो आपल्यासारख्या ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय, संस्थेला चालतो, मर्यादेत.

पण ती मर्यादा कुठली? काहीच केलं नाही तर कायदा म्हणतो "भरीव प्रमाणात नको", आणि भरीव म्हणजे किती हे सांगत नाही. त्यापेक्षा कर खात्याचा फॉर्म ५७६८ भरावा. एक पान आहे, एका पदाधिकाऱ्याची सही लागते, आणि ज्या वर्षात भरला त्या अख्ख्या करवर्षाला लागू होतो. मग लॉबिंगचं, म्हणजे कायद्यासाठी खासदारांना गळ घालण्याचं, मोजमाप पैशात होतं: पहिल्या पाच लाख डॉलर खर्चाच्या २० टक्के. आपला खर्च नव्वद हजार धरला तर अठरा हजार. स्वयंसेवकांचा वेळ शून्य धरतात. आपल्या भेटीचा खर्च म्हणजे छपाई आणि पार्किंग.

खरी मेख पुढे आहे. या अठरा हजारांतला फक्त चौथा हिस्सा, साडेचार हजार, बाहेरच्या लोकांना "तुमच्या खासदाराला लिहा" असं सांगण्यावर घालता येतो. सभासदांना तेच सांगितलं तर ते थेट लॉबिंगमध्ये धरतात, तिथे मोकळीक जास्त. आणि ही मेलिंग लिस्ट सभासदांची नाही! वर्गणी न भरता राहिलेले, गाव सोडून टेक्ससला गेलेले, नुसते नाटकाच्या तिकिटांसाठी आलेले, सगळे यात आहेत. म्हणून आवाहन जायचं तर वर्गणीदारांच्या यादीवर जाऊ दे, इथे नको. यंदाच्या ९९०-ईझेड या कराच्या विवरणपत्राला शेड्युल सी जोडावं लागेल, ते मी बघतो.

थोडक्यात, आधी फॉर्म, मग लेटरहेड.

सुधीर

————

प्रेषक: मकरंद

एवढा खटाटोप कशाला? ज्येष्ठांची देशव्यापी संघटना एएआरपी हेच काम करते आहे. पन्नाशी ओलांडलेले साधारण ३ कोटी ८० लाख सभासद, पन्नासही राज्यांत ऑफिसं. ती ५०१(सी)(४), म्हणजे वेगळ्या वर्गातली करमुक्त संस्था, त्यामुळे सुधीरची वीस टक्क्यांची पट्टी तिला लागत नाही. उमेदवाराला पाठिंबा देत नाही, निवडणुकीला पैसे देत नाही, तरी दोन्ही पक्षांचे लोक तिचा फोन उचलतात, कारण तिचे वाचक मतदानाला जातात. आपण लाल टी-शर्ट घालून त्यांच्या स्वयंसेवकांत उभं राहावं. आपल्या लेटरहेडला कोण विचारतो?

————

प्रेषक: बापूकाका

मकरंद, एएआरपी आणि म्हातारी माणसं या दोन गोष्टी एकच समजू नकोस.

१९८८ साली मेडिकेअरचा (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) 'कॅटास्ट्रॉफिक कव्हरेज', म्हणजे मोठ्या आजारपणाच्या खर्चाचा, कायदा झाला, एएआरपीच्या पाठिंब्याने. खर्च कोणी भरायचा? ज्येष्ठांनीच. बऱ्या उत्पन्नाच्या माणसावर वर्षाला ८०० डॉलरपर्यंत जादा भार. नेमकं त्याच लोकांपैकी अनेकांकडे जुन्या कंपनीचा विमा आधीच होता, म्हणजे असलेल्याच गोष्टीचे पुन्हा पैसे. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोला प्रतिनिधिगृहाच्या करविषयक वेज अँड मीन्स कमिटीचे अध्यक्ष रोस्टेनकोव्स्की यांची गाडी ज्येष्ठांनी अडवली, ते उतरून पळाले, कॅमेऱ्यांसमोर. वर्ष संपायच्या आत त्याच काँग्रेसने कायदा मोडीत काढला. सभासदांना काय हवंय हे वॉशिंग्टनच्या ऑफिसला कळलं नव्हतं.

२००३ ला तेच. मेडिकेअरचा औषधांचा भाग, पार्ट डी, आला, एएआरपीने ऐनवेळी पाठिंबा दिला, प्रतिनिधिगृहात मतदान पहाटेपर्यंत जवळजवळ तीन तास उघडं ठेवून २२० विरुद्ध २१५ ने मंजूर. आत कलम होतं की मेडिकेअरने औषध कंपन्यांशी किमतीची घासाघीस करायची नाही. हजारो सभासदांनी राजीनामे पाठवले. ती बंदी काही औषधांपुरती उठायला २०२२ उजाडलं. आणि वाटाघाटीतून ठरलेल्या पहिल्या दहा औषधांच्या किमती लागू झाल्या १ जानेवारी २०२६ ला.

शिवाय त्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या विम्याची रॉयल्टी वर्गणीपेक्षा कितीतरी जास्त येते. मेडिकेअरच्या पूरक विम्यावर बोलताना त्यांचं हित आणि माझं हित एकच असेल, असं मी धरून चालत नाही.

————

प्रेषक: मकरंद

काका, २००५ विसरलात. बुशसाहेबांना सोशल सिक्युरिटीतला (सरकारी निवृत्तिवेतनातला) काही भाग खासगी खात्यांत वळवायचा होता. त्या प्रस्तावाविरुद्ध सगळ्यात मोठी आघाडी एएआरपीनेच उघडली आणि तो मतदानापर्यंतही पोचला नाही. आधीच्या २००३ च्या कायद्यात तीच संस्था बुश यांच्या बाजूने होती. पक्ष बघून चालत नाहीत याचा याहून चांगला पुरावा कुठला?

————

प्रेषक: अनघा

तुमचं एएआरपीपुराण चालू द्या, मी फक्त भेटीबद्दल लिहिते.

१. पत्र कॅपिटॉलच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवू नका. २००१ च्या अँथ्रॅक्सनंतर तिथली टपाल तपासणी आणि किरणांची प्रक्रिया होऊन येते, त्यात दिवसच्या दिवस जातात, कागद पिवळा ठिसूळ होऊन पोचतो. मतदारसंघातल्या ऑफिसात हातात द्या आणि तीच पीडीएफ करविषयक काम बघणाऱ्या सहायकाला मेल करा.

२. सह्यांच्या शेजारी पूर्ण पत्ता आणि झिप हवा. आलेला प्रत्येक पत्रव्यवहार पत्त्याने नोंदवतात. आपल्या यादीत शेजारच्या दोन मतदारसंघांतले लोक आहेत, ते इथे मोजले जाणारच नाहीत. तीन गट करा, तीन ऑफिसांना द्या.

३. एकाच छापाची पन्नास पत्रं आली की एका गठ्ठ्यात बांधून एकच उत्तर जातं. त्यापेक्षा चार जणांनी आपापल्या शब्दांत अर्धं पान लिहावं, त्यात आकडा असावा: दिवसाच्या अ‍ॅडल्ट डे केअरचे किती, घरी येणाऱ्या बाईंचे तासाला किती, नोकरीचे तास किती कमी केले.

४. ग्रीन कार्डवरचे आई-वडील सही करू शकतात, भेटायलाही येऊ शकतात. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांनाही खासदाराशी बोलायला बंदी नाही. पण निवडणूक निधीचा चेक त्यांच्या नावाने कदापि नको. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाला ते निषिद्ध आहे, आणि मुलाने पैसे घालून त्यांच्या नावाने देणं हा वेगळा गुन्हा. दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी करू नका. भेट वेगळी, निधीचं जेवण वेगळं, आणि निधीच्या जेवणाशी मंडळाचा संबंध नाही.

मकरंदच्या "कोण विचारतो" ला उत्तर: केअर कायदा बघ. पेशंटची काळजी घेणाऱ्याचं नाव हॉस्पिटलने नोंदवायचं, घरी सोडण्याआधी त्याला कळवायचं, आणि ड्रेसिंग, इंजेक्शन वगैरे करून दाखवायचं. मसुदा एएआरपीचा, २०१४ ला पहिल्यांदा ओक्लाहोमात झाला, त्याच वर्षी आपल्या न्यू जर्सीतही. आता चाळीसहून जास्त राज्यांत आहे. इतक्या झपाट्याने का? तिजोरीतून जवळपास काही जात नाही म्हणून. क्रेडिटचं तसं नाही, त्यात महसूल बुडतो, त्यामुळे एएआरपीच्या राज्य कार्यालयांची ती युक्ती वॉशिंग्टनला चालत नाही. तिथे एकेका खासदाराकडेच जावं लागतं.

(जाता जाता: आई-वडिलांना अ‍ॅडमिट केलंत तर नर्सला स्वतःहून सांगा, माझं नाव केअरगिव्हर म्हणून लिहा. नातेवाईकच हवा असं नाही, शेजारीही चालतो.)

————

प्रेषक: रवी

"सहप्रायोजक म्हणून नाव घालावं" एवढीच मागणी अपुरी आहे. सोशल सिक्युरिटीतल्या डब्ल्यूईपी-जीपीओ कपातीचं काय झालं बघा (सोशल सिक्युरिटीबाहेरच्या नोकरीची पेन्शन असेल तर रक्कम कापायचे). जीपीओ १९७७ ची, डब्ल्यूईपी १९८३ ची कपात, रद्द करायच्या विधेयकाला सहप्रायोजक तीनशेच्या वर, तरी कमिटीतून हलेना. तीनशे जणांना नाव घालायला काही खर्च नव्हता. शेवटी डिस्चार्ज पिटिशन आली: २१८ सह्या झाल्या की कमिटीला वळसा घालून विधेयक थेट सभागृहात. सप्टेंबर २०२४ ला सह्या पुऱ्या झाल्या, नोव्हेंबरात ३२७-७५, डिसेंबरात सेनेटमध्ये ७६-२०, आणि ५ जानेवारी २०२५ ला कायदा. मागे कोण होतं? अग्निशमन, पोलीस आणि शिक्षकांच्या संघटना, निवृत्त केंद्रीय कर्मचारी. प्रत्येक मतदारसंघात त्यांचे लोक आहेत आणि ते खासदाराला सोडत नाहीत.

म्हणून विद्याताई, दुसरा प्रश्न तयार ठेवा: "कमिटीत अडकलं तर डिस्चार्ज पिटिशनवर सही कराल का?" उत्तर टाळलं तरी वहीत लिहून ठेवा, पुढच्या भेटीला कामाला येतं.

————

प्रेषक: सुलभाकाकू

रवी, ही डब्ल्यूईपीची कपात भारतातल्या बँकेच्या पेन्शनवरही होती ना रे? मग आता?

————

प्रेषक: रवी

हो काकू. परदेशी पेन्शनही त्यात धरत. इथल्या कामाचे ४० क्रेडिट (साधारण दहा वर्षांची नोकरी) असून भारतातली पेन्शन आहे, अशांची इथली रक्कम कापली जायची. आता जानेवारी २०२४ पासूनच्या हप्त्यांना ती कपात नाही. ज्यांना आधीपासून सोशल सिक्युरिटी मिळते त्यांचं दुरुस्त होऊन फरक जमा झालेला असायला हवा. स्टेटमेंटमध्ये अजून कापलेला आकडा दिसत असेल तर ऑफिसला फोन करा, भारतातल्या पेन्शनचा कागद हाताशी ठेवा. पण "कापूनच मिळणार, कशाला अर्ज" म्हणून ज्यांनी अर्जच केला नाही त्यांना आपोआप काही येणार नाही. अर्ज करावा लागेल, आणि मागची रक्कम जास्तीत जास्त सहा महिन्यांची, तीही पूर्ण निवृत्तिवयानंतरचीच. थांबण्यात पैसे जातात.

————

प्रेषक: सुलभाकाकू

बरं झालं सांगितलंस. आणि भारतात रेल्वेची सवलत कधी परत येणार म्हणे? तिकडे फेस्कॉम हा ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ आहे, निवेदनं तर देतच असतात.

————

प्रेषक: बापूकाका

सुलभाताई, तिथे गोम वेगळी आहे. पुरुषांना साठीनंतर ४० टक्के, बायकांना अठ्ठावन्ननंतर ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० ला रेल्वेच्या आदेशाने थांबली. संसदेत मतदान नाही, काही नाही. संसदेच्या स्थायी समितीने निदान स्लीपर आणि थ्री-एसीला तरी परत द्या असं सुचवलं, पण समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. सोशल सिक्युरिटीला हात लावायचा तर प्रत्येक खासदाराला नावानिशी मत द्यावं लागतं, म्हणून म्हाताऱ्यांना इथे धरायला माणूस सापडतो. २००७ चा पालक पोषण कायदा मात्र तिकडे कायदा आहे, तो एका परिपत्रकाने उडत नाही. मागताना आदेश मागायचा की कायदा, हे संघटनेने आधी ठरवायला हवं.

————

प्रेषक: सुधीर (खजिनदार)

रेल्वेसाठी वेगळा धागा काढा, हात जोडतो. फॉर्म ५७६८ वर अध्यक्षांची सही आज घेतली, उद्या पोस्टात पडेल, पोच मागवली आहे. लेटरहेडला माझी हरकत नाही. फक्त पत्रात विधेयकाशिवाय कुणा पक्षाचं नाव नको, आणि "पुढच्या निवडणुकीत लक्षात ठेवू" हे तिसऱ्या परिच्छेदातलं वाक्य काढा. ते कोणी घातलंय ते मला ठाऊक आहे, बापूकाका.

————

प्रेषक: विद्या (ज्येष्ठ गट)

वाक्य काढलं. रवीचा प्रश्न घातला. अनघा म्हणते तसे तीन गठ्ठे केले. इथल्या मतदारसंघाचे सगळ्यात जास्त, दुसऱ्याचे बरे, तिसऱ्याचे फारच थोडे, तिथल्या सह्यांसाठी कोणी ओळखीचं असेल तर मला फोन करा, लिस्टवर लिहू नका, सुधीर ओरडेल.

भेटीला पाचच जण. अर्धं पान लिहिलेल्या चौघांनी प्रत्येकी तीन मिनिटं बोलायचं, पाचवा लिहून घेईल. बापूकाका, तुम्ही लिहून घेणारे. एएआरपीच्या राज्य कार्यालयाला मकरंदने कळवावं की आपण जातोय, त्यांचे लोक त्याच आठवड्यात जाणार असतील तर तारखा एकमेकांवर आपटायला नकोत. बोलणं आपलं आपण करू.

पार्किंग इमारतीच्या मागे, दोन तासांचं. पावत्या सुधीरकडे.